बाईंचा शनिवार : एका स्मरणाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या बाईंचं आहे. त्या बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. अलिबाग तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी सदतीस वर्षं शिकवलं. त्या गेल्यावर त्यांची आठवण कशी जपायची हे ठरवताना आम्ही माजी विद्यार्थी कुठे अडलो, कुठे चुकलो आणि काय जमलं, ते क्रमाने लिहिते आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांचं, गावाचं आणि शाळेचं नाव वगळलं आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांची 1978 च्या दहावीची विद्यार्थिनी. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यातल्या चुका माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

बेने इस्राएलांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. मुंबईत 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. अलिबागच्या इस्राईल आळीत मागेन आबोत सिनेगॉग आहे, आणि जुनी माणसं त्याला अजून मशीदच म्हणतात. 1948 नंतर कुटुंबांमागून कुटुंबं इस्रायलला गेली. आता आमच्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरं उरली आहेत.

बाईंचा जन्म 1938 चा. आजोबांचा घाणा होता, तो वडिलांच्या काळात बंद पडला. बाई अलिबागला मॅट्रिक झाल्या, मुंबईत शिकल्या आणि 1959 साली गावच्या हायस्कुलात रुजू झाल्या. गणित आणि मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही. धाकटी बहीण 1969 साली इस्रायलला गेली आणि अश्दोदला स्थायिक झाली. बाई मागे राहिल्या.

गणित इतर शिक्षकही शिकवत होते. बाईंचं शाळेबाहेरचं काम मात्र दुसरं कुणी केलं नसतं. 2 ऑक्टोबर 1978 ला देशभर प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या किती तरी आधीपासून कोळीवाड्यात बाईंचा संध्याकाळचा वर्ग भरत होता. मासळी विकून आलेल्या बायका हात धुऊन बसायच्या. आधी सही, मग हिशोब, आणि सगळ्यात शेवटी वाचन, हा क्रम बाईंनी स्वतः ठरवलेला. बँकेत अंगठा लावावा लागू नये आणि व्यापाऱ्याने पावतीत फसवू नये, एवढंच त्या बायकांना हवं होतं. जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची वाताहत झाली, तेव्हा बाईंनी आठवडाभर घरोघर फिरून धान्य, कपडे आणि भांडी गोळा केली. परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नसलेल्या मुलींचे पैसे त्या भरत. किती मुलींचे भरले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि वहीतही कुठे टिपलेलं नाही.

गुरुवारची रात्र

बाई ऐंशीव्या वर्षी गेल्या. जुलै महिना होता, गुरुवारी रात्री नवाच्या सुमाराला, अलिबागच्या एका दवाखान्यात. साडेनऊपर्यंत आमच्या व्हॉट्सअॅप गटावर बातमी पोचली आणि लगेच ठरवाठरवी सुरू झाली.

यहुदी रीतीप्रमाणे माती होईल तितक्या लवकर द्यायची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, दफन करत नाहीत. म्हणजे शुक्रवारी दिवे लागायच्या आत, नाही तर थेट रविवारी. बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची. ती आणि तिचा मुलगा निघाले असते, तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचणं अशक्य होतं. माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं रविवारचं पडलं. सख्खी बहीण येईल, पुण्या-मुंबईची मुलं येतील, बाईंना शाळेच्या मैदानावर अंत्यदर्शनाला ठेवता येईल. मलाही तेच बरोबर वाटत होतं. पेणच्या एका वयस्कर नातेवाइकांनी हळूच सांगितलं, की चेहरा उघडा ठेवून लोकांनी रांगेने दर्शन घ्यायचं, अशी आमच्यात रीत नाही. ते आम्ही ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला अश्दोदला फोन लागला. मावशी, म्हणजे बाईंची बहीण, पन्नास वर्षं तिकडे राहूनही अलिबागचंच मराठी बोलतात. त्या म्हणाल्या, "थांबू नका गो माझ्यासाठी. शब्बाथ लागायच्या आत तिला माती द्या. मी इथं बसते." बसते म्हणजे सात दिवसांच्या शोकाला. निर्णय तिथेच झाला. तासभर आम्ही आपसात जे ठरवत होतो, ते ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि त्यांना पहिला फोन करायला आम्हाला दीड तास लागला.

पुढचे अठरा-एकोणीस तास धावपळीचे गेले. स्त्रीच्या देहाला बायकांनीच आंघोळ घालायची असते, आणि ती रीत माहीत असलेल्या दोघीच जणी अलिबागला होत्या. आणखी दोघी ठाण्याहून आल्या. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, म्हणून त्यांना पनवेल-पेणवरून यावं लागलं आणि वडखळच्या नाक्यावर दीड तास मोडला. मृतासाठी म्हणायच्या कद्दीश प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अलिबाग-पेणचे मिळून सात भरले, आणि तिघं पनवेलहून निघाले. दफनभूमीत खड्डा खणला की पाणी भरायचं. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या चार आगरी मुलांनी, आता पन्नाशी उलटलेली माणसं ती, शेतातला पंप आणून पाणी उपसत ठेवलं. पनवेलची गाडी साडेचारला आली. साडेपाचला माती दिली. त्या दिवशी सूर्य मावळणार होता सव्वासातच्या पुढे, म्हणजे हाताशी दोन तासही नव्हते.

शाळेने शुक्रवारी सुट्टी दिली होती. त्यात काही चुकीचं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

शोकसभा आणि "कै."

सातव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाला, शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली. गटातल्या एकाने उत्साहाने फ्लेक्स छापून आणला. बाईंचा हसरा फोटो, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली नावाआधी "कै.". मराठी माणसाच्या हातून तो "कै." आपोआप पडतो, पण त्याचा अर्थ कैलासवासी. पेणचे तेच काका सभेच्या तासभर आधी आले, फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. मीच विचारलं. "तसं वाईट काही नाही," ते म्हणाले, "पण ती कैलासाला नाही गेली." त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावापुढे, तिची आठवण आशीर्वाद ठरो, या अर्थाचे हिब्रू शब्द जोडतात.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. फ्लेक्स उतरवायचा, तसाच ठेवायचा, किंवा तेवढं एक अक्षर झाकायचं. आम्ही पांढरा कागद चिकटवला. पंख्याच्या वाऱ्याने तो भाषणं चालू असताना निम्मा सुटला आणि "कै." पुन्हा दिसू लागला. तिसऱ्या रांगेतून मला तो दिसत होता आणि उठून जाता येत नव्हतं. आज विचाराल तर सांगेन, उतरवायला हवा होता. बाईंचा फोटो शाळेच्या भिंतीवर आधीपासून होताच.

फोटोला घातलेला हार काकांच्या सांगण्यावरून काढला. समईच्या जागी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावली, बाईंच्या घरी शुक्रवारी लागायची तशी. हा बदल कुणालाच खटकला नाही. उलट ज्यांनी बाईंच्या घरी अभ्यास केला होता, त्यांनी तो पेला लगेच ओळखला. कुणीतरी मलिदा करूया म्हणालं, कारण पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळांचं ते ताट गावातल्या प्रत्येक मुलाने बाईंकडे खाल्लेलं. मावशींनी फोनवर नको म्हटलं. त्यांच्या घरी मलिदा नवस फेडायला किंवा शुभकार्याला व्हायचा, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने.

सभेला तीनशेवर माणसं आली. कोळीवाड्यातून एकच बाई आली. तेव्हा मी म्हटलं, पाऊस आहे, आल्या नसतील. सकाळी दहाची वेळ म्हणजे बाजारात मासळी विकायची वेळ, हे माझ्या ध्यानात यायला आठ महिने लागले.

कपाटातलं पाकीट

नवव्या दिवशी शेजारच्या ताईंनी बाईंचं कपाट उघडलं. बाईंचं घरकाम तीस वर्षं त्यांनी केलं होतं. त्यांनी मला बोलावून एक खाकी पाकीट दिलं. वर बाईंच्या वळणदार अक्षरात "माझ्या शेवटच्या वेळी" असं लिहिलेलं. आत कापडाची लहानशी पुरचुंडी आणि वहीचा अर्धा कागद. पुरचुंडीत जेरुसलेमची माती होती. बहिणीने ती कधीतरी पाठवली होती, डोक्याखाली ठेवायला. कागदावर चार ओळी होत्या:

"ही माती माझ्याबरोबर द्यावी.
मला शाळेत नेऊ नये.
शाळेला सुट्टी देऊ नये.
हार-फुलांचे पैसे कुणाच्या तरी फीला द्यावे."

ताईंना हे पाकीट माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. गुरुवार रात्रीपासून रविवारपर्यंत त्या आल्यागेल्यासाठी चहा आणि भात करत होत्या. चुलीपाशी जाऊन त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "तुम्ही सगळी शिकलेली मानसं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमास्नी ठाव असल."

या प्रकरणात सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण हा होता, आणि तो आमच्या हातून निसटून गेला. दवाखान्यातून निघताना एकाने घराकडे वळून, बाईंनी काही लिहून ठेवलंय का, एवढं विचारलं असतं, तर माती वेळेवर मिळाली असती आणि वर्ग भरले असते. वयस्कर, एकटं राहणारं माणूस गेलं की पहिला प्रश्न रोज त्या घरात वावरणाऱ्या व्यक्तीला विचारायचा, मग ती नात्यातली असो वा नसो. आमच्या गटात आता हे लिहून ठेवलं आहे.

स्मरणिका : आठवण आणि कागद

चौसष्ट पानांची स्मरणिका पहिल्या वर्षदिनापर्यंत काढायची ठरली. लेख आले एक्केचाळीस. वाचायला बसले तेव्हा तीन गोष्टींवर अडले.

पहिली गोष्ट. नऊ जणांनी लिहिलं होतं की बाई मुंबई इलाख्यात मॅट्रिकला पहिल्या आल्या होत्या. बहिणीला विचारलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्या वर्गात पास झाली होती. मग नऊ जणांना एकच गोष्ट कशी आठवते? उलगडा एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहीने केला. बाई वर्गात रिबेका रूबेन यांची गोष्ट सांगायच्या. 1905 साली मॅट्रिकला पहिली आलेली बेने इस्राएल मुलगी, पुढे मुंबईच्या इस्राएली शाळेची मुख्याध्यापिका. तशीच डॉ. जेरुशा झिराड यांची. त्या लंडनला जाऊन एम. डी. झाल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलींनी डोकं वर काढून बघावं म्हणून बाई हे सांगत. चाळीस-पन्नास वर्षांत ती गोष्ट मुलांच्या मनात सरकत सरकत बाईंवरच येऊन बसली.

काहींचं म्हणणं होतं, राहू द्या, कुणाचं नुकसान आहे? मी काढून टाकलं. त्या जागी बाई रिबेका रूबेन यांची गोष्ट कशी सांगायच्या, यावर दोन पानं घातली. दुसऱ्या वर्गात पास झालेली मुलगी सदतीस वर्षं गणित शिकवते आणि पहिल्या आलेलीची गोष्ट दरवर्षी नव्या वर्गाला तितक्याच ओढीने सांगते, हे मला त्या खोट्या क्रमांकापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट अवघड होती. जवळपास प्रत्येक लेखात एक वाक्य होतं: "सगळं गणगोत इस्रायलला गेलं, पण बाई आपल्यासाठी थांबल्या." अश्दोदहून भाच्याने बाईंच्या पत्रांचे फोटो पाठवले. त्यावरून दिसतं की बाईंना जायचं होतं, आणि मनापासून जायचं होतं. 1962 मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायच्या सूचना काढल्या. हे खरे यहुदी आहेत का, हाच प्रश्न. त्याविरुद्ध जेरुसलेमला धरणं धरलं गेलं, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे इतरांच्याच बरोबरीचे यहुदी असल्याचं ठरावाने सांगितलं, तेव्हा कुठे तो वाद निवळला. बाईंच्या वडिलांनी मधल्या काळात ठरवलं होतं, जिथे आपल्याला पारखून घेणार तिथे जायचं नाही. वाद मिटला तोवर वडिलांना अर्धांगवायू झाला होता. ते बारा वर्षं अंथरुणावर होते. एका पत्रात बाईंनी बहिणीला लिहिलं होतं, की समुद्र तोच आहे, पण मी चुकीच्या काठावर बसले आहे असं कधी कधी वाटतं.

हे छापायचं का? ज्या विद्यार्थ्यांना वाटत होतं की बाई आपल्यासाठी थांबल्या, त्यांच्या मनाला हे लागणार होतं. दुसरीकडे, न छापणं म्हणजे बाईंची एक आयुष्यभराची इच्छा पुसून टाकणं. मी मावशींवर सोडलं. त्या दोन दिवसांनी म्हणाल्या, पत्रातली वाक्यं नका घालू, पण तिला यायचं होतं एवढं घाला. तसंच केलं. ते वाक्य आणि पत्राचा थोडा भाग आता या लेखात येतो आहे, तो त्यांनी नंतर दिलेल्या परवानगीने. लेखांतली "आपल्यासाठी थांबल्या" ही वाक्यं मी खोडली नाहीत, ती लिहिणाऱ्यांची भावना आहे. शेजारच्या पानावर वडिलांच्या आजारपणाची आणि 1962-64 ची हकिकत दिली. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यातले एक अजून बोलत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट शनिवारची.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची आणि बाई त्या दिवशी फक्त तोंडी गणितं घ्यायच्या. खडू हातात घ्यायच्या नाहीत. "वह्या मिटा, डोकी उघडा," म्हणायच्या, आणि बाकांमधून फिरत एकेकाला विचारायच्या. पावणेआठ रुपये डझन, तर पाच नारळ कितीला? लिहायचं नाही म्हणून आम्हाला शनिवार फार आवडायचा. त्या वर्गात शिकलेली कितीतरी मुलं आज दुकानं चालवतात आणि कॅल्क्युलेटरला हात लावत नाहीत.

रुजू झाल्याची तारीख पक्की करायला मी शाळेची जुनी हजेरीपत्रकं मागितली. कसरीने खाल्लेली, कोपरे गेलेली. शिक्षकांच्या हजेरीत बाईंच्या नावापुढे निळ्या शाईत त्यांची बारीक सही, सोमवार ते शुक्रवार. शनिवारच्या चौकोनात सही नाही. तिथे लाल शाईत "हजर" आणि खाली मुख्याध्यापकांची आद्याक्षरं. पुढचा शनिवार तसाच. मी पानं उलटत गेले. 1959 पासून 1981 पर्यंत, ते मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक शनिवारी लाल "हजर".

शब्बाथला लिहीत नाहीत. बाई शाळेत यायच्या, पण लिहायच्या नाहीत. आमच्या आवडत्या तोंडी गणितांच्या तासामागे एवढं कारण होतं, आणि आम्हा कुणाला ते माहीत नव्हतं. मुख्याध्यापक ब्राह्मण, शेंडी ठेवणारे, कडक शिस्तीचे. बावीस वर्षं त्यांनी एका सहकारी बाईच्या शब्बाथसाठी स्वतःच्या हाताने नियम वाकवला आणि त्याची वाच्यता कुठेही केली नाही. ती पानं मांडीवर घेऊन मी ऑफिसात बराच वेळ बसून राहिले.

नियमाप्रमाणे हजेरीवर ज्याची त्यानेच सही करायची. तो फोटो छापला तर दिवंगत मुख्याध्यापकांवर बोट येईल, अशी शंका समितीत निघाली. ती रास्त होती. मी त्यांच्या मुलाकडे गेले. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छापा. आमच्या अण्णांचीही आठवण त्यात आहे." स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तेच हजेरीपत्रक आहे.

1981 नंतरच्या शनिवारी काय व्हायचं ते सांगत नाही. ती माणसं हयात आहेत.

दगडावरची अक्षरं

कबरीचा दगड वर्षाच्या आत बसवायचा होता. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल दफनभूमींत हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही अक्षरं एकाच दगडावर दिसतात. कुटुंबाने हिब्रू आणि मराठी एवढंच ठेवलं. भाच्याने मजकूर पाठवला. अलिबागच्या कारागिराने तो संगणकावर मांडून बटर पेपरवर छापला. दिसायला सुरेख होता.

कोरायला घ्यायच्या आदल्या रात्री मी सहज त्या कागदाचा फोटो अश्दोदला पाठवला. दहा मिनिटांत भाच्याचा फोन आला, थांबवा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. सॉफ्टवेअरने अक्षरं डावीकडून उजवीकडे लावली होती. दगडाच्या माथ्यावर "इथे विसावली आहे" या अर्थाची पे आणि नून ही दोन अक्षरं असतात, ती नून-पे झाली होती. नाव, वडिलांचं नाव, शेवटची प्रार्थनेची पाच अक्षरं, सगळं उलटं. तिथे उभ्या असलेल्या एकालाही ते कळलं नसतं. मग भाच्याने अक्षरांचं चित्र करून पाठवलं आणि कारागिराने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. लिपी येत नसेल तर मजकूर टाइप करून न पाठवता चित्र म्हणून पाठवायचा, आणि छिन्नी लागण्याआधी त्या लिपीच्या माणसाला दाखवायचा. आम्ही योगायोगाने वाचलो.

दगड बसवला त्या दिवशी मावशी व्हीलचेअरवर आल्या. पुरचुंडीतली माती त्यांनी स्वतः डोक्याकडच्या बाजूला मातीत मिसळली.

जमलेले पैसे

साडेचार लाखांच्या आसपास रक्कम जमली. कमान, अर्धपुतळा, की शिक्षणनिधी? एका स्थानिक पुढाऱ्यांनी तेवढीच रक्कम घालायची तयारी दाखवली, पण कमानीसाठीच, आणि कमानीवर त्यांचंही नाव. मतं कमानीकडे झुकली होती. अर्धपुतळा मावशींनीच नाकारला, मूर्ती आमच्यात नको. कमानीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी मी पाकिटातला अर्धा कागद सभेत वाचला. चौथी ओळ ऐकल्यावर कमानीचा आग्रह कुणी धरला नाही, आणि देऊ केलेली जोड रक्कम आम्ही आभार मानून परत पाठवली.

मुदत ठेवीच्या व्याजातून, वर्षाला तीस हजारांच्या आतबाहेर, दहावीनंतर शिकणाऱ्या चार मुलींची फी भरतो. नावं जाहीर करत नाही, बाई करायच्या नाहीत म्हणून. हे चांगलं झालं, पण मांडणी कच्ची राहिली. खातं तिघांच्या वैयक्तिक नावावर उघडलं. त्यातले एक आजारी पडले तेव्हा सहीअभावी एका मुलीची प्रवेश फी नऊ दिवस अडकली. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी पहिल्याच महिन्यात करायला हवी होती. आता अर्ज केला आहे.

राहिलेलं काम

स्मरणिकेत एक्केचाळीस लेख आहेत आणि कोळीवाड्यातल्या बायकांचा एकही नाही. लेख मागवताना आम्ही लिहून पाठवा म्हणालो होतो. ज्या बायकांना बाईंनी सही आणि हिशोबापर्यंत आणलं होतं, त्यांच्याकडून दोन पानी लेखाची अपेक्षा करणं म्हणजे त्यांना वगळणंच होतं. शोकसभेची वेळ चुकली तशीच ही चूक.

गेल्या मार्चपासून मी संध्याकाळी सहानंतर फोनवर त्यांचं बोलणं नोंदवते आहे. आतापर्यंत सात जणी झाल्या. वर्गात हजर असलेल्या बारा-तेरा जणी अजून आहेत, त्यातल्या चौघी ऐंशीच्या पुढच्या, म्हणून आधी त्यांच्याकडे जाते. एकीने सांगितलं की श्रावणाआधी, आषाढाच्या सुमाराला, बाई एक दिवस काही खायच्या नाहीत आणि उपास सोडताना वालाचं बिरडं व्हायचं. त्या दिवशी वर्गात गाणी नसायची. तो बिरड्याचा सण, जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक. त्या बाईंना मंदिराचं काही माहीत नव्हतं. पण त्या दिवशी त्याही घरी गाणं लावायच्या नाहीत, अजूनही लावत नाहीत.

दुसरीने बोलायच्या आधी माझ्या वहीचं पान ओढून घेतलं आणि सही करून दाखवली. सावकाश, ओठ आवळून, शेवटच्या अक्षरावर वेलांटी देताना हात क्षणभर थांबवून. हजेरीपत्रकातल्या बाईंच्या सहीतली वेलांटी तशीच वर जाऊन किंचित थबकते. मी तो कागद जपून ठेवला आहे. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा तो पहिल्या पानावर जाईल.